पद्मपाणी, बॅटरी आणि मावशी

आमचे एक स्नेही मोठे कलारसिक आहेत आणि ते घराबाहेर पडत नाहीत. या दोन्ही गोष्टी ते सारख्याच अभिमानानं सांगतात. जगातलं प्रत्येक चित्र त्यांनी फोनवर दोन बोटांनी ताणताणून पाहिलेलं आहे. "अजिंठ्याला जाऊन दिसतं काय? अंधार!" हे त्यांचं ठाम मत, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. एक नंबरच्या लेण्यात शिरल्यावर आधी नुसता अंधार दिसतो, मग पुढच्या माणसाची पाठ, मग त्याच्या पाठीवरची सॅक, आणि भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी बऱ्याच उशिरानं.

पण तो अंधार बघायलाच जायला हवं, असं माझं म्हणणं. कॅलेंडरवरचा पद्मपाणी लग्नाच्या हॉलमध्ये उभा असल्यासारखा झगझगीत असतो. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात ज्यांनी तो काढला, त्यांच्याकडे दारातून येईल तो उजेड आणि तेलाचा दिवा, याखेरीज काही नव्हतं. डोळे सरावले की आधी मुकुट उजळतो, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग बोटांत धरलेलं कमळ. फोनवर हे सगळं एकदम अंगावर येतं. इथं ते हप्त्याहप्त्यानं मिळतं आणि दर हप्त्याला मागून कुणीतरी "चला, पुढे चला" म्हणतं.

तिथवर पोचणं हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. गाडी फर्दापूरच्या फाट्याला ठेवायची, तिथून बसनं वर जायचं. बस येईपर्यंत एक तरुण आपल्या हातात चमकता दगड कोंबतो आणि "भेट आहे, ठेवा, येताना दुकानात या" असं सांगून आपला चेहरा पाठ करतो. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे जमवता जमवता आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी दोन्हीकडे मिळून लेणी नसतील. मावशींनी मात्र पायऱ्या पाहताक्षणी डोली ठरवली. चार माणसांच्या खांद्यावर बसून त्या आमच्या पुढे निघाल्या, त्या थेट जातककथेतल्या राणीसारख्या.

घरबसल्या अजिंठा पाहायची सोय करायचे प्रयत्न पूर्वीही झाले, आणि त्यांचं काय झालं ते आमच्या स्नेह्यांनी ऐकण्यासारखं आहे. मद्रास फौजेतले रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं इथं राहून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रती करत होते. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला 1866 साली लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. 1872 पासून तेरा वर्षं हे काम चाललं आणि त्यातल्या कितीतरी प्रती 1885 साली लंडनमध्येच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत खाक झाल्या. पुढे जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी नकला करून नेल्या, त्या 1923 च्या टोकियोच्या भूकंपात गेल्या. मूळ चित्रं पाऊस, वटवाघळं आणि हौशी प्रवासी सोसून पंधराशे वर्षं भिंतीवर टिकली. लंडनच्या भिंतीवर त्यांच्या नकलांना पुरती वीस-पंचवीस वर्षंही कुणी टिकू दिलं नाही. यायचं तर इथं या, असंच ती चित्रं बजावत असावीत.

पुस्तकातली चित्रं आणखी एक लबाडी करतात. जिथं रंग उडालाय तिथं ती कापलेली असतात. प्रत्यक्षात मात्र अर्धी राजसभा शाबूत आणि उरलेली अर्धी गायब. पण त्या गायब भागातच खरी शिकवणी चालते. गिलावा पडलाय तिथं खालचा कातळ दिसतो आणि त्यावर मुद्दाम ठेवलेल्या छिन्नीच्या खरबरीत खुणा दिसतात, गिलाव्यानं धरून बसावं म्हणून. कडेला मातीचा थर, त्यात भाताचं तूस. वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर, तो वाळल्यानंतर, रंग. गेरू, पिवळी माती, काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. म्हणजे त्या काळीही रंगाच्या दुकानात सगळ्यात महाग डबी निळ्याचीच असणार. पिवळट झाक बरीचशी अलीकडची: 1920 च्या सुमाराला निजाम सरकारनं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं जपण्यासाठी वर लाखेचं व्हार्निश चढवलं, ते पिवळं पडत गेलं.

आमच्या गाइडचा मात्र गिलाव्यावर विश्वास नव्हता, बॅटरीवर होता. एक नंबरच्याच गाभाऱ्यातल्या बुद्धावर त्यानं डावीकडून झोत टाकला: "दुःखी." उजवीकडून टाकला: "हसतोय." समोरून: "ध्यान." मेव्हण्यानं विचारलं, "आणि बॅटरी बंद केली तर?" गाइड म्हणाला, "तर बक्षिसी मिळत नाही." त्याच लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत, चौघांत मिळून एकच डोकं. कुठल्याही धडाकडून बघा, ते त्याचंच वाटतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीत नेमकं उलट आहे: चार डोकी, आणि धड एकही नाही.

सतरा नंबरला आमची खरी दमछाक झाली. जातकातल्या विश्वंतर राजपुत्राची गोष्ट भिंतभर पसरलेली, पण चौकटी नाहीत, आकडे नाहीत. चित्रकारानं काळाप्रमाणे नाही, ठिकाणाप्रमाणे मांडणी केलेली: राजवाड्यात जे जे घडलं ते वाड्यापाशी, रानात घडलं ते रानात. त्यामुळे गोष्ट कळायची तर आपणच पुढे जायचं, मागे यायचं, मान मोडायची. मी आणि मेव्हणा त्या भिंतीसमोर येरझाऱ्या घालत होतो आणि रखवालदार आमच्याकडे संशयानं पाहत होता.

मावशी एका जागी उभ्या होत्या. समोर आरसा घेतलेली राजकन्या आणि तिच्या दासी. "तबकवालीचा हात भरून आलाय," त्या म्हणाल्या. "आणि हिचं अजून आरशात बघून होत नाहीये." मी ही राजकन्या कितीतरी पुस्तकांत पाहिली होती, तबकवालीच्या हाताकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. राजकन्या कॅलेंडरवाल्यांना आवडते, तबक धरणं मावशींनी जन्मभर केलंय.

वाटेत दहा नंबर. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एप्रिल 1819 मध्ये इथल्या खांबावर आपलं नाव खरडलं, ते आपल्या डोक्याच्याही वर आहे. तेव्हा लेणं दगडमातीनं भरलेलं होतं आणि साहेब त्या ढिगाऱ्यावर उभा होता. भारतीय पर्यटकाला या बाबतीत नुसतीच नावं ठेवतात; परंपरा जुनी आहे आणि सातासमुद्रापलीकडची आहे.

शेवटी सव्वीस नंबर. जवळपास सात मीटर लांबीचा, कुशीवर निजलेला बुद्ध. खाली शिष्य शोकात बुडालेले, वर देव वाद्यं वाजवत आनंदात. मावशींनी डोली थांबवून आत जाऊन एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं.

"आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा अगदी असंच होतं," त्या म्हणाल्या, "फक्त वरचे आणि खालचे एकाच खोलीत बसले होते."

मग बाहेर येऊन त्यांनी डोलीवाल्यांशी वेरूळच्या दराची चौकशी सुरू केली.