दिपोटी आले!

आमचं अ‍ॅप दुधाच्या रतीबाचं आहे. उद्या अर्धा लिटर जास्त, परवा नको, म्हशीच्या ऐवजी गाईचं, एवढंच ते दूधवाल्याला कळवतं आणि महिनाअखेरीला बिल करतं. पुण्यातल्या अडीच खोल्यांच्या कंपनीत आम्ही सहा जण ते सांभाळतो. त्याच्या सुरक्षेचा विचार कधी कुणाच्या मनाला शिवला नव्हता. चोरून चोरून चोर नेणार काय? समोरच्या काकूंनी गुरुवारी पाव किलो दही जास्त घेतलं, ही बातमी?

मग २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि आम्ही ज्यांच्यासाठी अ‍ॅप करतो त्या डेअरीच्या वकिलांनी तो शेवटपर्यंत वाचला. लोकांच्या माहितीची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. आमच्या खुर्च्या, चहाचं मशीन आणि मालकांची अ‍ॅक्टिव्हा विकूनही एवढे जमणार नाहीत, म्हणून मी निर्धास्त होतो. मालक नव्हते. फर्मान निघालं : यापुढे प्रत्येक बिल्डच्या वेळी यंत्र कोड तपासणार, आणि यंत्राने नापास केलं तर रिलीज नाही. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो.

पाइपलाइनमध्ये तपासण्या जोडणं सोपं निघालं. एक आमचा कोड वाचणार, दुसरी आम्ही वापरलेल्या आयत्या लायब्रऱ्या तपासणार आणि तिसरी कुठे पासवर्ड किंवा किल्ल्या पडल्यात का ते हुडकणार. शुक्रवारी संध्याकाळी पहिला बिल्ड सोडला. चार मिनिटांचं काम एकोणीस मिनिटं चाललं आणि ४१२ दोष बाहेर आले.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे डेप्युटी साहेब, येणार म्हटलं की आदल्या दिवशी वर्ग सारवले जात, नकाशे टांगले जात, आणि जी मुलं हमखास चुकीचं उत्तर देतील त्यांना प्रेमाने सांगितलं जाई, 'बाळ, उद्या घरीच थांब.' ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली आणि स्कॅनरचं नाव दिपोटी पडलं.

आमचा दिपोटी फार कडक. बॅकअपची परवानगी उघडी का ठेवली, एका पत्त्याला साधं एचटीटीपी का, इथपर्यंत ठीक होतं. पण चित्रांच्या फाइलींना नावं द्यायला आम्ही एमडी५ वापरतो, त्यावरही लाल शेरा. एमडी५ कसं फसवता येतं हे २००४मध्येच चिनी संशोधकांनी दाखवलं होतं, हे कबूल. पण म्हशीच्या फोटोचं नाव फोडून कुणाला काय मिळणार? अ‍ॅप उघडलं की रोज एक सुभाषित दिसतं, ते आम्ही साध्या रँडमने निवडतो. त्यावर दिपोटी म्हणाला, हा आकडा आधी ओळखता येतो. म्हणजे उद्याचं सुभाषित हल्लेखोराला आजच कळू शकतं!

लायब्रऱ्यांची तऱ्हा लग्नपत्रिकेसारखी. आम्ही बोलावल्या ३१, पण पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असतंच, त्यामुळे पंगतीला अडीचशे. यातल्या निम्म्यांना आम्ही ओळखतही नव्हतो. यात हसण्यासारखं काही नाही. २०१६मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने रागावून काढून घेतली, तर जगभरचे बिल्ड कोसळले होते.

मग आम्ही वडिलांच्या शाळेची युक्ती केली. दिपोटीला एक यादी देता येते : या फाइली पाहू नयेत. पहिल्या दिवशी म्हशीचे फोटो आणि सुभाषितं घरी बसली. ते रास्तच होतं. दुसऱ्या दिवशी लॉगिन घरी बसलं. बुधवारपर्यंत दोष नऊवर आले, आणि शुक्रवारी वर्गात फक्त बटणांचे रंग ठरवणारी फाइल हजर होती. ती मात्र पैकीच्या पैकी गुणांनी पास झाली. मालकांनी पेढे आणले.

तिसऱ्या तपासणीचा स्वभाव मात्र मी नीट वाचला नव्हता. ती आजच्या कोडवर थांबत नाही, गिटमधला, म्हणजे कोडच्या नोंदवहीतला, आरंभापासूनचा इतिहास उकरते. थोडक्यात, घरी बसवलेल्या मुलांच्या घरी जाते.

"की सापडली," इंटर्न म्हणाली.

"की काय?"

"कीच."

सहा वर्षांपूर्वीची ओळ. सर्व्हरची मुख्य किल्ली कोडमध्येच ठेवलेली, शेजारी शेरा : 'तात्पुरतं. उद्या काढणे.' खाली माझं नाव. ती मी काढलीही होती, दोन वर्षांनी. पण गिट काही विसरत नाही, आणि ती किल्ली घेऊन गेलेली जुनी अ‍ॅप्स लोकांच्या फोनात होतीच. अ‍ॅपची एपीके ही शेवटी झिप फाइलच, कुणीही उघडून चाळावी. ओवास्प ही संस्था मोबाइलमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०२४च्या यादीत पहिला नंबर किल्ल्या-पासवर्डांच्या अशाच हेळसांडीचा आहे. आयुष्यात प्रथमच पहिला आलो, पण घरी सांगण्याची सोय नव्हती.

"असू दे, दुधाचाच तर हिशेब आहे," मी म्हणालो. इंटर्नने उत्तर दिलं नाही. ती किल्ली लावून तिने सर्व्हरला एकच प्रश्न विचारला : पुढचे दहा दिवस दूध कुणाला नकोय?

स्क्रीनवर त्रेसष्ट पत्ते आले. इमारत, मजला, फ्लॅट नंबर. कधीपासून बंद, कधीपर्यंत बंद. सदाशिव पेठेतल्या एका ग्राहकाने सूचनेच्या रकान्यात लिहिलं होतं : 'घरी कोणीही नाही, कृपया बेल वाजवू नये.'

कुणी बोलेना. चहाचं मशीन तेवढं गुरगुरत होतं. पेढ्यांचा पुडा मालकांनी स्वतःच उचलून आत नेला.

किल्ली कोडमधून खोडून भागत नाही, कुलूपच बदलावं लागतं. ते त्या रात्री बदललं. घरी बसवलेल्या फाइली एकेक करून वर्गात आणल्या, त्याला पुढे अडीच महिने लागले. कुलूप बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जुनं अ‍ॅप असलेल्यांचे 'नको' दूधवाल्यांपर्यंत पोचलेच नाहीत, आणि शहरातल्या कितीतरी कुलूपबंद दारांपुढे दुधाच्या पिशव्या जाहिरातीसारख्या पडून राहिल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही ऑफिसात बोलत नाही.

मे महिन्यात आम्ही गुहागरला जायचं ठरवलं. आठ दिवस दूध बंद अशी नोंद मी अ‍ॅपमध्ये केली. ती सांकेतिक होऊन, दिपोटीने पास केलेल्या वाटेने, कुणाच्या नजरेला न पडता दूधवाल्या मामांच्या फोनवर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला सोसायटीच्या मधोमध उभं राहून मामांनी तिसऱ्या मजल्याकडे तोंड केलं.

"दादाऽ, उद्यापास्नं आठ दिवस कुलूप ना तुमच्याकडं?"

दोन्ही विंगांचे दिवे लागले. मी गॅलरीत येऊन हळूच मान हलवली.

"काय?" मामा आणखी मोठ्याने ओरडले. "ऐकू नाही आलं!"