एकट्या जिवाचा शिधा: मौजे माणपुरती लागू नियमावली

मौजे माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे येथे एकट्याने राहणाऱ्या, दिवसभर नोकरी करणाऱ्या आणि रात्री साडेनऊला फ्रिजचं दार उघडून नुसतंच आत बघत उभ्या राहणाऱ्या सर्व इसमांस कळविण्यात येते की, त्यांच्या पोटाच्या सोयीसाठी पुढील नियमावली तत्काळ लागू करण्यात येत आहे. ‘इसम’ या संज्ञेत स्त्री आणि पुरुष दोघेही येतात. फरक एवढाच, की गावाकडून फोन आला की पुरुष इसमाला ‘जेवणाचं कसं करतोस रे?’ असं हळहळून विचारलं जातं आणि स्त्री इसमाला ‘आज काय केलंस?’ असं तपासून घेतलं जातं. कंटाळा दोघांनाही सारखाच असतो.

इसमाची जंगम मालमत्ता साधारणपणे अशी: एक इंडक्शन शेगडी, आईने बॅगेत कोंबून दिलेला तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक पातेलं, एक बोथट सुरी आणि एक फ्रिज. फ्रिजच्या दारात जुन्या पार्सलांबरोबर आलेल्या सॉसच्या पुड्या शिस्तीत लावलेल्या असतात. बाकी फ्रिज रिकामा. ऑफिस हिंजवडीत असो की शिफ्ट चाकणला, घरी परतायची वेळ इसमाच्या हातात नसते. फेज थ्रीपासून शिवाजी चौकापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत या भागात नाही. ते मिनिटांत सांगतात, आणि पाऊस असेल तर सांगतच नाहीत. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. लांबी सुमारे २३ किलोमीटर, स्थानकंही २३, आणि डेपो खुद्द माणला. तरीही कंपनीच्या बसने येणाऱ्याच्या जेवणाची वेळ वाहतूकच ठरवते.

यात दैवाचा एक विनोद आहे. मुंबईत डबे पोचवायची व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असं मानतात. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांनी फोर्टातल्या कारकुनांना घरचं जेवण वेळेवर नेऊन दिलं, त्यांतली बरीचशी याच पट्ट्यातली: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर. चाकणही खेड तालुक्यातलंच. ज्या मुलखाने मुंबईचे डबे वाहिले, त्याच मुलखातल्या उंच इमारतीत आता एक इंजिनियर बिनडब्याचा बसलेला असतो. अर्थात डबेवाल्यांची साखळी कितीही अचूक असली, तरी तिच्या एका टोकाला पहाटे उठून पोळ्या लाटणारं कुणीतरी लागायचंच. इसमाच्या बाबतीत ते टोकही तोच आणि हे टोकही तोच.

आता मुख्य कलम. रविवारी सकाळी आठवड्याभराचं जेवण एकदम शिजवायचं, एकसारख्या सात डब्यांत भरायचं आणि त्याचा फोटो काढायचा, ही प्रथा अलीकडे बळावली आहे. फोटो छान येतो. सोमवारी राजमा छान लागतो. मंगळवारी मुरल्यामुळे आणखी छान. बुधवारी इसम डबा उघडतो आणि परत लावतो. गुरुवारी तो बिर्याणी मागवतो आणि राजम्याला ‘उद्या नक्की’ असं आश्वासन देतो. शनिवारी डबा घासताना नाक धरावं लागतं. शिजलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तरी तीन-चार दिवसांत संपवावं, हा साधा हिशेब आहे. म्हणजे सातांतले शेवटचे तीन डबे भरतानाच बाद झालेले असतात. सबब, आठवड्याचं जेवण शिजवून ठेवण्यास या नियमावलीने मनाई करण्यात येत आहे. जेवण अर्ध्या वाटेवर आणून ठेवावं. उरलेली अर्धी वाट रात्री पंधरा-वीस मिनिटांत संपली पाहिजे.

यात नवा शोध काहीच नाही. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, चटण्या, प्रवासासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या: मराठी घरांनी ही अर्धी वाट कधीच चालून ठेवलेली आहे. इसमाला मात्र ते सगळं ‘आजीचं’ वाटतं आणि बाहेरून आलेलं ओट्सचं पाकीट आधुनिक वाटतं.

भाजणीचंच घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धने, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळतात. भाजताना धान्यातली ओल उडते, म्हणून कोरड्या बरणीत हे पीठ दोन-तीन महिने सहज टिकतं. मुळशीच्या पावसाळ्यात बरणीत ओला चमचा घालणे हा मात्र दंडनीय अपराध समजला जाईल. घरी भाजणी करण्याचा आग्रह नाही. गिरणीवाल्यापुढे अर्धा किलोचं दळण घेऊन उभं राहायला वेगळंच धैर्य लागतं. बचत गटाची किंवा दुकानातली भाजणी आणली तरी चालेल. रात्री त्यात कांदा बारीक चिरून, तिखट, मीठ, हळद घालून पाण्याने मळावं, गार तव्यावर तेल लावून थापावं, मधोमध आणि कडेने बोटाने भोकं पाडून त्यांत तेल सोडावं आणि झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्यावं. पहिलं थालीपीठ असं निर्वेधपणे पार पडतं. अडचण दुसऱ्याची असते, कारण आता तवा तापलेला असतो. ते दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीवर थापून अलगद तव्यावर उलटावं लागतं, आणि पिशवी तव्याला टेकली तर घरभर वास सुटतो. त्यामुळे एकट्या माणसाने एकच, पण जाड थालीपीठ करावं असं नियमावलीचं स्पष्ट मत आहे.

मेतकूट आजाऱ्याचं खाणं म्हणून उगाच बदनाम झालं. मऊ भात, वर मेतकूट, तूप, मीठ, आणि असला तर पोह्याचा पापड. कुकर लावून आंघोळ करून येईपर्यंत जेवण तयार. सोलापूरकडची कडक भाकरी तर त्याहून कमी मागण्या करते. ती वाळवलेलीच असते, आठवडेच्या आठवडे राहते, आणि आमटीत कुस्करली किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दह्यात बुडवली की शेगडी पेटवायचं कारणच उरत नाही.

भाताबद्दल मात्र थट्टा बाजूला ठेवून बोलावं लागेल. ‘सकाळी भात करून ओट्यावर झाकून ठेवला, रात्री गरम केला’ ही सवय धोक्याची आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाच्या उष्णतेतही टिकून राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर भात कितीही गरम केला तरी जात नाही. तेव्हा उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावा. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना तो वाफ येईपर्यंत गरम करावा, आणि एकदा गरम केलेला परत ठेवू नये.

फोडणीच्या भातासाठी कोणता तांदूळ घ्यायचा, यावर माणमध्ये स्थानिक अस्मिता आडवी येते. हा मुलूख आंबेमोहोर आणि इंद्रायणीचा. इंद्रायणी ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. वास, चव, मऊपणा, कशातच तोड नाही. पण फ्रिजमधून काढलेल्या इंद्रायणी भाताचा डब्याच्या आकाराचा ठोकळा होतो आणि तो मोडताना भाताची लापशी होते. इंद्रायणी ताजी खावी, मेतकुटाबरोबर खावी, दहीभातात खावी. फोडणीसाठी गुपचूप कोलम आणावा आणि शेजारी मुळशीतले असतील तर वाच्यता करू नये.

रविवारचे दोन तास कशाला द्यायचे, याचं उत्तर वाटण आणि मटकी. वाटणासाठी कांदे उभे चिरून तेलावर तांबूस करावेत, सुकं खोबरं किसून खरपूस भाजावं, लसूण, आलं, कोथिंबीर घालून कमीत कमी पाण्यात वाटावं. कांदा चाकणच्या बाजारातला असला तर उत्तमच. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार मोटारींच्या कारखान्यांपेक्षा जुना आहे, हे तिथे नोकरी करणाऱ्या अनेकांना माहीतच नसतं. तयार वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला लावावं आणि गोठल्यावर खडे पिशवीत काढून ठेवावेत. एका माणसाच्या रश्श्याला दोन खडे पुरतात. त्या ट्रेमध्ये पुन्हा बर्फ लावू नये. पाहुण्याच्या लिंबू सरबताला मिसळीचा वास येतो आणि पाहुणा सभ्य असल्याने काही बोलत नाही.

मटकी शनिवारी रात्री भिजवावी, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. सोमवारी सकाळी मोड आलेले असतात, थंडीत जरा उशिरा. त्यातली निम्मी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांसाठी, निम्मी वाफवून छोट्या पिशव्यांतून फ्रीझरमध्ये. मोडाचं कडधान्य कच्चं खाणं तब्येतीला चांगलं असा एक समज आहे, पण मोड येतात त्याच उबेत आणि ओलीत जंतूही वाढतात, म्हणून मटकी शिजवूनच खावी. रात्री फोडणीत वाटणाचे दोन खडे, मटकी, गरम पाणी, मीठ, गूळ. वीस मिनिटांत उसळ. वर फरसाण घातलं की तिलाच मिसळ म्हणता येतं. पाव खालच्या दुकानात मिळतो.

खिचडीची तयारी तर बसल्या बसल्या होते. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ, असं एका जेवणाचं माप चार-पाच छोट्या डब्यांत भरून ठेवावं. हळद, तिखट, गोडा मसाला आणि मीठ यांची पुडी त्याच डब्यात, पण वेगळी. वेगळी का, हे ज्या इसमाने सगळं एकत्र कालवलं आणि रात्री तांदूळ धुताना मसाला सिंकमधून वाहून जाताना पाहिला, त्याला सांगावं लागत नाही.

इथे पाकशास्त्राच्या पुस्तकांचा प्रश्न येतो. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि वाटी-चमच्याच्या मापामुळे नवशिक्यांचा आधार झाली. मात्र अशी पुस्तकं कुटुंबासाठी लिहिलेली असतात, आणि इसम सगळी मापं चारने भागू लागतो. डाळ भागली जाते, मीठ भागलं जातं, फोडणी भागली जात नाही. मोहरी तडतडायला ती बुडेल इतकं तेल लागतंच. मोठ्या कढईत पाव चमचा तेल पसरून जातं आणि मोहरी आधी गप्प बसते, मग करपते. यावर फोडणीचं छोटं कढलं विकत घेणे हा एकमेव खर्च नियमावली मंजूर करते.

फ्रीझरच्या भरवशावर राहणाऱ्यांनी गुरुवार लक्षात ठेवावा. पुणे-पिंपरी परिसरात देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची ती गुरुवारी, ही जुनी पद्धत आहे. बऱ्याच सोसायट्यांत जनरेटर लिफ्टला असतो, फ्रिजला नसतो. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणजे फ्रीझर भरलेला असणं फायद्याचं. वीज गेली म्हणून वाटण विरघळलं का ते दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहणारा इसम ते स्वतःच विरघळवत असतो.

एवढं वाचून ज्याला दमायला झालं, त्याने सरळ डबा लावावा. त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार गाळ्यांत दाटीवाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. चुलीपुढे बसणाऱ्या त्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकट्या कामगाराच्या जेवणावर किती घरं चालतात, हे त्या मंडळाच्या कामातून दिसलं. माण-हिंजवडीतही पोळी-भाजीचे डबे देणाऱ्या काकू गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याशी भाव करताना घासाघीस करू नये, डबा धुऊन परत द्यावा आणि पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावेत.

फक्त एक. डबा लावला म्हणून भाजणी, मेतकूट आणि खिचडीचे डबे मोडीत काढू नयेत. गौरी-गणपतीला, दिवाळीला काकू गावाला जातात, आणि त्या आठवड्यात आसपासच्या मेसही बंद असतात.