पाच लाइफ, दीडशे मिनिटं

(रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीला लटकवलेली पर्स. बाई पन्नाशीच्या. पंजाबी ड्रेस, पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज. मोबाइलमध्ये डोकं खुपसूनच प्रवेश.)

एक मिनिट हं... एकच मूव्ह राहिलीय... (बोट सरकवते. तोंड वाकडं करते.) मेली! चॉकलेटनं गिळली. (प्रेक्षकांकडे बघून) अय्या, तुम्ही आलात पण?

हसू नका. कँडी क्रश खेळते मी. 2012 साली आला हा गेम. तेव्हा लोकलच्या लेडीज डब्यातल्या सगळ्याजणी खेळायच्या, हळूहळू सगळ्या शेअर बाजारात गेल्या. मी एकटी राहिले निष्ठावंत. डोंबिवली फास्ट, चौथी सीट. चौथी सीट म्हणजे माहितीये ना? अर्धी मांडी सीटवर, अर्धी रामभरोसे. एका हातानं वरची कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गोळ्या फोडायच्या. आणि माझी लेव्हल चार आकडी आहे म्हटलं! चार आकडी! नोकरीत चार प्रमोशनं नाही मिळाली.

तर झालं काय, आमच्या ऑफिसची वार्षिक आरोग्य तपासणी. मी हुशार. दोन दिवस आधीपासून गोड बंद, भात बंद. म्हटलं, रिपोर्ट कसा चकाचक येतो बघा. डॉक्टर म्हणाले, (चष्मा नाकावर ओढून) ‘‘ताई, उपाशीपोटीची साखर ठीक आहे. पण एचबीएवनसी 6.3 आहे.’’ म्हटलं, ते काय असतं? म्हणाले, ‘‘रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. साखर त्यांना चिकटून बसते. त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते.’’

म्हणजे बघा! गणपतीतले मोदक, डब्यातल्या वाढदिवसांचे ढोकळे, सासूबाईंच्या ताटातली उरलेली जिलबी, सगळं आत सीसीटीव्हीसारखं रेकॉर्ड होत होतं. आणि मी दोन दिवस भात सोडून त्याला फसवायला निघालेले. ‘‘5.7 च्या खाली हवं, 6.5 ला मधुमेह. तुम्ही कुंपणावर आहात,’’ म्हणाले. ‘‘चाला. आठवड्याला 150 मिनिटं.’’

(खुर्चीवर बसते.)

आता आम्ही चालायचं कधीपासून ठरवतो? बोला, बोला. (कानाला हात लावते.) सोमवारपासून! मंगळवारी कुणी आरोग्य सुरू केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सोमवारी गेले. मंगळवारी गेले. बुधवारी पाहुणे. गुरुवारी वाटलं, आता मोडलाच आहे आठवडा, तर नीट सोमवारपासूनच करू. मधल्या दिवसांत काय? निरोपाचे कार्यक्रम. श्रीखंडाला निरोप, वडापावला निरोप.

तर माझी कन्या. इंजिनीअर आहे, म्हणजे आईला अक्कल शिकवण्याचा परवाना आहे. ती म्हणाली, ‘‘आई, एका लेव्हलवर तू महिनाभर मरतेस. कधी म्हणालीस का, की आज हरले, आता पुन्हा पहिल्या लेव्हलपासून, तेही सोमवारी?’’

(गप्प. मग प्रेक्षकांना, हळूच) कार्टी खरं बोलत होती.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. नासात काम केलेला एक इंजिनीअर, मार्क रोबर. मंगळावर क्युरिऑसिटी गाडी धाडली ना, त्यातला. त्यानं 50,000 लोकांना एक कोडं दिलं, कॉम्प्युटरवर सोडवायचं. अर्ध्यांना चुकलं की नुसतं सांगायचं, ‘चुकलं, पुन्हा करा.’ उरलेल्यांना सांगायचं, ‘चुकलं, तुमच्या 200 गुणांतले 5 कापले, पुन्हा करा.’ त्या गुणांचा खऱ्या जगात काडीचा उपयोग नाही बरं का! बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही, प्रेशर कुकरसुद्धा नाही. तरी ज्यांचे गुण कापले, त्यांच्यातले 52 टक्के जिंकले. ज्यांचे नाही कापले, ते 68 टक्के. का? तर ते साधारण 12 वेळा खेळून बघायचे, आणि हे गुण कापलेले 5 वेळातच ढेपाळायचे!

मला एकदम लख्ख दिसलं. गेममधला मारिओ खड्ड्यात पडला तर कुणी विचारतं का, ‘‘काय रे, पडलास ना? तुझ्याच्यानं नाहीच होणार!’’ आणि मी? माझ्या आयुष्यात 5 गुण कापणारा पूर्ण स्टाफ आहे!

(उठते. एकेक व्यक्ती उभी करते.)

शेजारच्या वहिनी. पाडव्याला माझ्या वाटीत श्रीखंड बघून, (डोळे मोठे करून) ‘‘अगंबाई! तुझं डाएट होतं ना?’’ उणे पाच. नणंद, व्हिडिओ कॉलवर, ‘‘वहिनी, कॅमेरा आडवा धरलायस का गं?’’ उणे पाच. लिफ्टपाशी वॉचमन, ‘‘मॅडम, आज वॉक नाही?’’ अरे, तुला पगार कशाचा देतो आम्ही? उणे पाच! आणि आमचे हे. हे काही बोलत नाहीत. नुसते घड्याळाकडे बघतात, मग माझ्या बुटांकडे बघतात. (सुस्कारा टाकते.) उणे दहा.

यांचं तर विचारूच नका. यांना कॉन्ट्रा गेमचा चीट कोड अजून तोंडपाठ. (घाईघाईनं, बोटं नाचवत) वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए! तीस लाइफ मिळायच्या म्हणे. बीपीची गोळी सकाळची की रात्रीची, ते मात्र मला विचारून. कन्येनं आम्हा दोघांच्या फोनवर पावलं मोजायचं बसवून दिलं. दहा हजारांचं टार्गेट. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढला असेल? डॉक्टरनं नाहीच! 1965 साली जपानच्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. जगभर घाम गाळतात लोक, एका जाहिरातीपायी! कमी पावलांनीही फायदा होतो, असं आता संशोधक सांगतात. पण यांनी पहिल्याच संध्याकाळी दहा हजार पुरे केले. मी आत जाऊन बघते, तर स्वारी झोपाळ्यावर. हातात फोन, हात आरतीसारखा गोल गोल. म्हणाले, ‘‘आठ हजार बसून झाले. दोन तुझ्याशी बोलताना होतील.’’

मी ठरवलं, आपण आपलं खेळायचं. कुणाला सांगायचं नाही. संकल्प नाही, स्टेटस नाही, सोमवार तर नाहीच नाही.

आता हिशेब ऐका. कँडी क्रशमध्ये लाइफ किती? पाच. एक गेली की भरायला किती वेळ? अर्धा तास. पाच गुणिले तीस? (प्रेक्षकांतून उत्तर येईपर्यंत थांबते.) दीडशे! डॉक्टरांची 150 मिनिटं! मी ओरडलेच हो, लेडीज डब्यात. सगळ्यांना वाटलं पाकीट मारलं.

तेव्हापासून नियम एकच. लाइफ गेली, की फोन पर्समध्ये आणि पाय बुटांमध्ये. ती भरेपर्यंत चालायचं. ऑफिसच्या गच्चीवर, स्टेशनच्या पुलावर, रात्री सोसायटीत. आठवड्याला पाच लाइफ अशा जाळायच्या. बुधवारी पाहुणे आले? आले तर आले. गुरुवारी लाइफ आहे. श्रीखंड खाल्लं? खाल्लं. वाटी घासली आणि खाली उतरले. कुत्रीसुद्धा ओळखायला लागलीत. एक काळं तर अर्धा तास सोबत येतं. तेवढं आमचे हे लग्नात सात पावलं आले, ती शेवटची.

(पर्समधून कागद काढते.)

परवा नवा रिपोर्ट आला. 6.1. (कागद उंच धरते, गेममधल्या त्या बुवाचा घोगरा आवाज काढून) ‘‘डि... व्हा... इन!’’

सासूबाई सोफ्यावर बसून लूडो किंग खेळत होत्या. वय वर्षं ऐंशीच्या पुढं, नजर गरुडाची. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘एवढं चालून एवढंच?’’

(सावकाश कागदाची घडी घालते.) पाच गुण.

मी काही बोलले नाही. शेजारी बसले. डाव आमच्या दोघींचाच चालला होता, माझीच पाळी. त्यांची शेवटची सोंगटी, घराच्या गल्लीत वळायला एकच घर बाकी. मला हवे तीन. (फोनवर बोट टेकवते.) टक. तीनच! मारली! सोंगटी गेली सुसाट मागे, थेट आरंभाला.

म्हटलं, ‘‘आई, राहू द्या आता. जेवून घ्या. पुन्हा सोमवारपासून खेळू.’’

त्या ताडकन सरसावून बसल्या. (पदर खोचून, हात पुढे करून) ‘‘जेवण गेलं चुलीत! आण तो फोन इकडे. मला सहा पाडायचेत!’’

(काळोख.)