मूळ स्वरूप

लोणावळ्याकडे बंगला बांधला की माणसाला तीनपैकी एक व्याधी हमखास जडते: गीर गाय, सेंद्रिय भाजी किंवा जुनी गाडी. पहिल्या दोन गड्यावर सोपवता येतात. तिसरी मालकाला स्वतःच भोगावी लागते.

आमच्या भाजे गावातल्या एका साहेबांना ही तिसरी जडली. साहेब सोमवार ते शुक्रवार मुंबईकर, शनिवार-रविवार मावळे. गाडीही ऐरीगैरी नाही, चक्क सॅन स्टॉर्म! नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, १९९८ साली गोव्यातून बाजारात आलेली ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार. अंग फायबरचं, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ताकद साठेक अश्वशक्ती. हल्ली मंडईत भाजी आणायला नेतात त्या गाड्यांतही याहून जास्त असते. पुढे २०१२ मध्ये मुंबईच्या दिलीप छाब्रियांनी डीसी अवंती दाखवली, तिचंही इंजिन रेनॉचंच. आपल्या किनाऱ्यावर स्पोर्ट्स कार जन्माला आली की काळीज फ्रान्सहून मागवायचं, अशी रीतच पडली म्हणा ना.

सॅन स्टॉर्म आली तेव्हा रेनॉ स्वतः भारतात गाड्या विकत नव्हती. त्यामुळे सुटे भाग शोधणं ही वेगळी तीर्थयात्रा. नाना पेठ झाली, बुधवार-रविवारचा जुना बाजार झाला, कुर्ल्याचा सीएसटी रोड झाला. दुकानदार गाडीचं नाव विचारतो, मग पुन्हा एकदा विचारतो, मग चहा मागवतो. भाग मिळत नाही, ओळख मात्र वाढते.

‘गाडी मूळ स्वरूपात आणायची,’ असा साहेबांचा पण होता. कामशेतच्या मिस्त्रींनी फायबरचे तडे घासून उघडे केले, आतून मॅट लावली, रेझिनमध्ये हार्डनर मोजून कालवलं. ‘साहेब, सगळं मेच्या आत उरकायचं,’ मिस्त्रींनी बजावलं. ‘एकदा मावळातली हवा दमट झाली की रेझिन नीट धरत नाही आणि रंगावर पांढुरकी झाक येते.’ साहेबांनी मान डोलावली आणि मे महिन्यात ते युरोपला गेले.

परत आले ते नव्या कल्पना घेऊनच. बुटक्या स्प्रिंगा, रुंद टायर, मोकळा सायलेन्सर, निळे दिवे आणि मागे भलामोठा स्पॉयलर. मूळ स्वरूपात आता फक्त चासी नंबर उरला.

बुटक्या स्प्रिंगांचा निकाल पहिल्याच रविवारी लागला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्याकडचे गतिरोधक एका रात्रीत, लोकसहभागातून आणि मोजपट्टीशिवाय होतात. गाडीचं पोट प्रत्येकावर टेकलं. दर वेळी वहिनी खाली उतरायच्या, मिस्त्री ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचे आणि मळवलीच्या लोकलने आलेले ट्रेकर गाडीला चालत मागे टाकून लोहगडाकडे निघून जायचे.

स्पॉयलरची मात्र मी थट्टा करणार नाही. त्याचा खरा गुण शंभराच्या पुढच्या वेगाला दिसतो, आणि पावसाळी रविवारी कार्ला फाट्यावर दहाचा वेग मिळाला तरी माणूस एकवीरेला नारळ बोलतो. पण भाज्याच्या चैत्यगृहात जाऊन एकदा वर बघा. अखंड दगडात कोरलेल्या छताला सागवानी कमानी आहेत. छताचा कणभरही भार त्या घेत नाहीत. लाकडी इमारतीत असतात, म्हणून दगडातही बसवल्या. बिनकामाच्या गोष्टीची हौस या गावाला दोन हजार वर्षं जुनी आहे. तिथल्याच एका विहारात सूर्याचा रथ म्हणून ओळखलं जाणारं शिल्प आहे: चार घोडे, सोबत दोन स्त्रिया आणि चाकांखाली चिरडलेले असुर. साहेबांचा सवाल असा की, सूर्यदेवांना कुणी पीयूसी विचारलं का?

कायदा मात्र साहेबांनाच विचारतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की, कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची सोय केली. व्हिंटेज म्हणून नोंदवावी, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि नोंदणीला २०,००० रुपये. म्हणजे साहेबांची गाडी २०४८ मध्ये पात्र होणार, आणि तेव्हाही अट तीच, मूळ स्वरूप!

तर गाडीच्या मूळ स्वरूपाची काळजी वाहायला संसद आहे, न्यायालय आहे, आरटीओ आहे. आता ही गाडी उभी आहे त्या जागेचं मूळ स्वरूप सांगतो. तिथे इंद्रायणीचं भातखाचर होतं. कडेने विसापूरच्या उतारावरून येणारा ओढा वाहायचा. जेसीबीने चार दिवसांत खाचरात मुरूम भरला, ओढ्याला कोपऱ्यातल्या पाइपात घातलं, टेकाडाची सोंड कापली आणि वर चकचकीत फरशीची शेड उभी राहिली. एवढ्या बदलांना दंड किती, हे विचारायला कुणी आलं नाही. सायलेन्सर बदलला तर गुन्हा, डोंगर बदलला तर ‘व्ह्यू’.

जुलैत आमच्याकडे पडतो तसा पाऊस पडला. एका रात्री पाइप तुंबला आणि ओढा शेडमधून, स्पॉयलरखालून वाट काढत खालच्या खाचरांत गेला. साहेबांनी मुंबईहून फोन केला. वॉचमन काका म्हणाले, ‘सायब, काळजी करू नका. पानी जुन्या वाटंनं आलंय.’ एवढ्या सगळ्या खटाटोपात कुठलीही परवानगी न काढता मूळ स्वरूपात परतला तो एकटा ओढा.

साहेब सध्या गाडीची विम्याची कागदपत्रं शोधताहेत. प्लॉट विकायलाही काढलाय, ‘निसर्गाच्या कुशीत, बारमाही पाण्याची सोय’ अशी पाटी लागली आहे. घेणाऱ्यांना एवढंच सांगणं, जुनी गाडी घेताना तुम्ही चासी नंबर ताडून पाहता, बॉनेटखाली वाकता, गंज शोधता. जागेच्या बाबतीतही तेवढं करा. सातबारा तर बघाच, पण जागा मे महिन्यात बघू नका. जुलैत या, छत्री घेऊन.