साहेबांचा प्रेमळ मेल

आमच्या साहेबांनी आयुष्यात कुणाला 'प्लीज' म्हटलेलं नाही. चहाच्या बिलावर तीन सह्या मागणारा माणूस. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला 'प्रिय सहकारी, साडेचार लाख कृपया तातडीने पाठवावेत, मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नये' असा त्यांचा मेल आला, तेव्हा आमच्या अकाउंटंटला आधी गहिवरूनच आलं. संशय नंतर आला. नीट पाहिलं तर पत्त्यातल्या कंपनीच्या नावातला इंग्रजी 'एम' हा 'एम' नव्हताच. 'आर' आणि 'एन' एकमेकांना खेटून बसवले होते. चष्मा पुसल्याशिवाय दिसायचं नाही, असं बेमालूम काम.

हसू नका. २०१३ ते २०१५ दरम्यान लिथुआनियातल्या एका गृहस्थाने तैवानच्या क्वांटा कंप्युटरचं नाव लावून खोटी बिलं धाडली आणि गूगल व फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. जगाला पासवर्ड जपायला सांगणाऱ्यांनी ती बिनबोभाट चुकतीही केली! (आमची खरी बिलं मात्र नव्वद दिवस 'प्रोसेसमध्ये' असतात.) २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत ५ वर्षांची शिक्षा झाली.

पूर्वी असले मेल अशुद्धलेखनावरून ओळखू यायचे. आता भामट्यांची भाषा आपल्या एचआरपेक्षा बरी असते. तेव्हा व्याकरण तपासत बसू नका. 'आमचं बँक खातं बदललंय' असं पुरवठादाराने कळवलं, की मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन लावा. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न राहता ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा.