रा. रा. सेलर यांस अनावृत पत्र

रा. रा. सेलरसाहेब,
मुक्काम आमच्याच पायाखाली, हैदराबाद.

साष्टांग नमस्कार. साष्टांग एवढ्याचसाठी, की पावसाळ्यात आपल्या शेवाळलेल्या रॅम्पवरून येणारा माणूस दुसऱ्या कुठल्या आसनात आपल्यापर्यंत पोचतच नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना आपली ओळख करून द्यायला हवी. इमारतीच्या पोटातल्या पार्किंगला तिकडे बेसमेंट म्हणतात, इकडे सेलर. फ्लॅट बघायला आलेला माणूस हवा-उजेडाची चौकशी सावकाश करतो, आधी विचारतो, ‘सेलर है क्या?’ काचीगुडा, इसामिया बाजाराकडची जुनी घरं सोडून आमच्यासारखी मराठी कुटुंबं फ्लॅटांत आली तेव्हा अंगण गेलं, तुळस बाल्कनीच्या कठड्यावर चढली. पण सेलर मिळालं, आणि पाहुण्यांना देवघराच्या आधी ते दाखवलं जाऊ लागलं.

मग घरातलं जे जे अडीअडचणीला लागणारं, ते ते आम्ही आपल्या ओटीत घातलं. सगळ्या फ्लॅटांचे वीजमीटर आपल्या भिंतीवर. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी, म्हणजे संप, आपल्या फरशीखाली, बोअरचा स्टार्टर आपल्या खांबाला, लिफ्टचा खड्डा आपल्या कुशीत. वीज गेली तर असावा म्हणून जनरेटर घेतला, तो आपल्याकडे. पाणी साचलं तर उपसायला पंप घेतला, तोही आपल्याकडेच, आणि त्याचं बटण गुडघ्याच्या उंचीवर. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगचं खोकंही आपल्यापाशी. त्याने स्वतःचं बुडणं शेवटच्या क्षणापर्यंत इमानेइतबारे टिपलं असणार.

जनरेटरची जागा ठरवायला रीतसर सभा झाली होती. वर ठेवला तर आवाज होईल, मागे ठेवला तर वास येईल, पुढे ठेवला तर इमारतीची शोभा जाईल. ‘सेलर रिकामंच तर पडलंय,’ असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना चहाची आठवण झाली. त्या ठरावाखाली चिटणीस म्हणून सही माझी आहे. हे वाचून आपण गालातल्या गालात हसत असाल, तर तो आपला हक्क आहे.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र आपल्या स्मरणात असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी बेगमपेटला १९ सेंटिमीटर पाऊस मोजला गेला, तिकडे घटकेसरला ३२. आमच्या गल्लीचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणात चार बोटं वर येत गेलेला, आपल्या रॅम्पचं तोंड मात्र जिथल्या तिथे. पाण्याला वाट विचारावी लागली नाही. अर्ध्या तासात गाड्यांचे हॉर्न आपोआप वाजायला लागले, मग एकेक करून गप्प झाले. पंपाचं बटण दाबायला खाली उतरायचं कुणी, यावर जिन्यात चर्चा सुरू झाली आणि तेवढ्यात दिवे गेले. टॉर्च? होती ना. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर गृहस्थ फार दूरदर्शी. टॉर्च, दोरखंड, प्रथमोपचाराची पेटी, बिस्किटं, सगळी तयारी त्यांनी एका पिशवीत बांधून ठेवली होती. पिशवी गाडीच्या डिकीत. गाडी आपल्याकडे.

चार दिवस वीज नव्हती. गच्चीवरची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारीच तळाला गेली, कारण ती भरणारी मोटर आपल्या सेवेत होती. संपात गटाराचं पाणी मिसळलेलं. पाचव्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्यांना लिफ्टशिवाय गत्यंतर नाही, आणि लिफ्ट आपल्या खड्ड्यात मान खाली घालून उभी. आपत्तीसाठी म्हणून घेतलेली एकूण एक वस्तू आपत्तीत सगळ्यांत आधी गेली. अशी शिस्त आमच्या सभासदांनी वर्गणी भरताना कधी दाखवली नाही.

खरं तर पाणी वर यायला लागलं की माणसाने आणखी वर जावं, हे या शहराला नव्याने शिकवायची गरज नव्हती. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदी कोपली तेव्हा हजारो माणसं गेली. १५ हजारांचा आकडा सांगतात. अफजलगंजला एका चिंचेवर दीडशेच्या आसपास लोक चढून बसले आणि वाचले. ती चिंच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून उभी आहे आणि दरवर्षी त्या तारखेला काही लोक तिच्याखाली जमतात. पुढे निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि त्यांच्या योजनेतून १९२० मध्ये उस्मानसागर, १९२७ मध्ये हिमायतसागर पुरा झाला. नदीचा मोठा बंदोबस्त झाला. पण हे दोन्ही तलाव शहराच्या वरच्या अंगाला. शहराच्या डोक्यावर पडलेला पाऊस उलटा चालत त्यांच्याकडे जात नाही. तो नाल्यांनी खाली निघतो, एका चेरुवूतून, म्हणजे तळ्यातून, सांडून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ही तळ्यांची साखळी आम्ही जागोजागी बुजवली आणि तिच्यावर कॉलन्या बसवल्या. वर प्रत्येक इमारतीखाली आपल्यासारखा एकेक नवा कोरा तलाव खणून दिला, सिमेंटचा गिलावा करून, उतरायला रॅम्प बांधून. जलसंधारणाचं एवढं काम दुसऱ्या कुठल्या शहराने केलं असेल, असं मला वाटत नाही.

सूचना मिळाली नव्हती, असंही नाही. २४ ऑगस्ट २००० ला याच बेगमपेटला २४ सेंटिमीटर पाऊस झाला होता. त्यानंतर किर्लोस्कर सल्लागारांचा अहवाल आला, नाले रुंद करा म्हणाला. नाले काही लगेच ऐकणारे नव्हते. आपण मात्र खोल होत गेलात, आधी एक मजला, मग दोन, मग तीन.

आपलं खानदान मोठं आहे, हे मला मागाहून कळलं. २०११ च्या त्सुनामीत जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्राचे आपत्कालीन जनरेटर बुडाले, ते बहुतेक तळघरांतच ठेवलेले होते. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयाचं तळघर भरलं आणि सुमारे ३०० रुग्णांना रातोरात हलवावं लागलं. तेव्हा आमच्या सभेने घेतलेला निर्णय अगदी जागतिक दर्जाचा होता. आमच्याकडच्या नात्यातलं म्हणाल तर सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या पोटात हळद सांभाळून ठेवली त्यांनी, आणि २००५ च्या महापुराने त्यांची पुरती दैना केली. पण पेवाने निदान आधी इतकी वर्षं चाकरी केली होती. आपण पहिल्याच परीक्षेला कोरी उत्तरपत्रिका दिलीत. कोरी तरी कशाला म्हणू, भिजलेली.

आता हे आपण-बिपण पुरे. कारण पुढची गोष्ट अहो-जाहो करून मला लिहिता येणार नाही.

तुझ्या मागच्या कोपऱ्यात एक खोली आहे. आठ बाय दहा. तिच्यात आमचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुली राहायच्या. महबूबनगरकडचं कुटुंब. त्या रात्री धाकटी तापाने फणफणलेली होती, म्हणून तिची आई जागी होती, म्हणून पायाला ओलं लागल्याबरोबर चौघं बाहेर आली. बाहेरून पाणी गुडघ्यापर्यंत टेकलं की बाहेर उघडणारं दार आतून ढकललं जात नाही. धाकटीला ताप नसता तर? हा प्रश्न आमच्या सभेत कुणी काढला नाही, मीही नाही. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये राजेंद्रनगरच्या एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी तीन मुलं गेली. बेंगळुरूला मे २०२५ मध्ये बीटीएम लेआउटच्या एका इमारतीत तळघरातलं पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघं गेले, त्यातला एक १२ वर्षांचा मुलगा.

सरकारने पूरग्रस्त घरांना दहा हजारांची मदत जाहीर केली, तेव्हा त्या कुटुंबाने कागद काढायला ट्रंक उघडली. आधार कार्डं, शिधापत्रिका, थोरलीच्या शाळेची वह्या-पुस्तकं, सगळ्यांचा मिळून एक लगदा. त्यांची राहण्याची जागा आम्ही ठरवली त्या सभेचं इतिवृत्त मी नंतर शोधून वाचलं. जनरेटरवर दीड पान आहे. यांच्यावर एक ओळ: ‘वॉचमनची खोली सेलरमध्ये.’

तेव्हा तुझे अधिकार काढून घेण्यात येत आहेत.

ते कुटुंब आता वर, असोसिएशनच्या खोलीत राहतं. कॅरम कुठे ठेवायचा, असा आक्षेप आला होता. कॅरम तुझ्याकडे पाठवला आहे. मीटरचं पॅनल पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ आलं. त्यासाठी वीज खात्याकडे इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई मला नावाने ओळखतो. जनरेटर मागच्या अंगणात उंच ओट्यावर बसला. त्याचा आवाज होतो. वासही येतो. रॅम्पच्या तोंडाशी दीड वीत उंचवटा बांधला, आता एका सभासदाच्या नव्या गाडीचं पोट त्याला घासतं आणि ते मला सकाळी नमस्कार करत नाहीत.

हवामान खात्याचा नारंगी इशारा आला की गच्चीची टाकी आधी भरून घ्यायची, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायची, गाड्या चढावरच्या रस्त्याला लावायच्या. जी राहिली ती राहिली. तिला वाचवायला कुणी उतरायचं नाही. बुडालेली गाडी किल्ली फिरवून बघायची नाही, कारण पाणी इंजिनात ओढलं गेलं की ते जातं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी हात वर करते. घोट्याएवढं पाणी दिसलं की तुझ्या पायऱ्यांना कुलूप. वीज तोडायला १९१२ ला फोन. पाणी ओसरलं तरी इलेक्ट्रिशियनने हिरवा कंदील दाखवेपर्यंत कुणी खाली जायचं नाही. संप उपसून, ब्लीचिंग पावडरने धुऊन घेतल्याशिवाय त्यातला थेंब वर चढवायचा नाही, आणि नंतरही आठवडाभर पाणी उकळूनच प्यायचं.

इंजिनिअर साहेबांची पिशवी आता दाराच्या मागे, खुंटीला लटकते. त्यांचं बघून मजल्या-मजल्यावर पिशव्या आल्या. टॉर्चचे सेल टॉर्चच्या बाहेर, कारण आत ठेवले की ते पाझरतात आणि ऐन वेळी हाताला हिरवी भुकटी लागते. आठवड्याच्या गोळ्या, क्लोरिनच्या वड्या, पॉवर बँक, शिटी, कागदावर लिहिलेले फोन नंबर. दहा-वीसच्या नोटा, कारण नेटवर्क मेलं की यूपीआयवर दुधाची पिशवीही मिळत नाही. मूळ कागदपत्रं दुहेरी प्लास्टिकमध्ये, नकला डिजिलॉकरमध्ये. वॉचमनच्या थोरलीने चौघांचे कागद स्वतः फोनवर चढवले आणि मग पाचव्या मजल्यावरच्या आजींचेही चढवून दिले. आजींनी पिशवीत गीतेची छोटी प्रत आणि मेतकुटाची पुडी वाढवली आहे. सोबतीला मऊ भात कोण शिजवणार, ते अजून ठरायचं आहे.

तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी वाळूच्या गोण्या आणल्या आहेत. पूर आला की संडासातून गटार उलटं वर येतं, तेव्हा भांड्यावर ठेवायला. ही माहिती मी सभेत मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा पुन्हा सगळ्यांना चहाची आठवण झाली.

कळावे. लोभ नाही, त्यामुळे तो वाढवण्याचा प्रश्न येत नाही.

तुझा माजी भक्त आणि आजी चिटणीस.

ता. क.: माझी जुनी स्कूटर २०२० पासून तुझ्या त्या खांबाआड उभी आहे. भंगारवाल्याने एकदा येऊन बघितली आणि दोनशे सांगितले. ती तुलाच ठेव.