चेकिंगआप्पा

पुसेगावच्या जत्रेत आकाशपाळण्याभोवती जी गर्दी उसळते, तिच्यात तिकिटाच्या खिडकीकडे पाठ करून, खाली वाकून, पाळण्याच्या पायाकडे टक लावून बघणारा एक गृहस्थ हमखास सापडतो. त्याचं काही हरवलेलं नसतं. तो चेकिंग करत असतो. त्याला हे काम कुणी दिलेलं नसतं, आणि तेच तर त्याच्या अधिकाराचं मूळ. पगारी इन्स्पेक्टर सहीपुरता येतो, हा मनापासून येतो.

पालची यात्रा असो, खरसुंडीची असो, नाहीतर मिरजेचा उरूस, हा गृहस्थ चुकत नाही. सातारा-सांगलीत ही जमात जरा जास्तच फोफावली, कारण आमच्याकडे यंत्रं लवकर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर नांगरांचा कारखाना उभा केला, तिकडे साताऱ्यात कूपरांनी डिझेल इंजिनं केली. तेव्हापासून इकडे भावकीत एक तरी माणूस असा निघतोच, ज्याच्या कानाला कीर्तनातल्या टाळापेक्षा बेअरिंगचा आवाज आधी ऐकू येतो.

आमच्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे चेकिंगआप्पा. त्यांना खरं नावही आहे, पण ते रेशनकार्डावर. हयात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन म्हणून गेली. रिटायर झाल्यावर कुणी शेतीकडे वळतं, कुणी भजनाकडे. आप्पा उरलेल्या जगाच्या मेंटेनन्सकडे वळले. पांढरा नेहरू शर्ट, टोपी, आणि खिशात पेनाच्या जागी एक छोटा पाना. लग्नाला गेले की अक्षता पडायच्या आधी मांडवाचा खांब हलवून बघतात. लिफ्टमध्ये शिरले की किती माणसांची क्षमता लिहिली आहे ते मोठ्याने वाचतात आणि आतल्या जाड माणसांकडे एकेक करून बघतात. कुणाला खोकला झाला तर ‘पॅकिंग गेलंय’ आणि कुणाचा गुडघा दुखला तर ‘ग्रीस संपलं’, एवढ्यावर त्यांचं वैद्यक संपतं. काकूंना बासष्टाव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा ‘अलाइनमेंट’ एवढा एकच शब्द उच्चारून ते पेपर वाचू लागले होते.

जत्रेतलं त्यांचं चेकिंग बघण्यासारखं असतं. आधी पाळण्याच्या पायाखालच्या लाकडी ठोकळ्याला एक हलकी लाथ. ठोकळा जागचा हलला नाही तर पुढची पायरी, पान्याने बोल्ट वाजवणं. आवळलेला बोल्ट ‘ठण्ण’ वाजतो, सैल झालेला ‘भद्द’. आप्पा डोळे बारीक करून एकेक बोल्ट ऐकत जातात. एका वर्षी पाळण्यावरचं पोरगं वैतागलं.

“ओ काका, तिकीट काढा न्हायतर बाजूला व्हा.”

“काढतो की तिकीट. आधी ह्या पिनेतली स्प्लिट पिन कुठं हाय त्येवढं दाव.”

“तिथं खिळा घातलाय वाकवून.”

“खिळा!” आप्पा ओरडले. चारचौघांत बोलू नये असं काहीतरी गावातल्या एखाद्या घराबद्दल कानावर यावं, तसा त्यांचा सूर लागला. रांगेतली तीन कुटुंबं न बोलता बाहेर पडली आणि भेळेच्या गाड्याकडे गेली. मग मालक आला, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना तंबूत घेऊन गेला, चहा झाला. पुढच्या वर्षी त्या मालकाने स्प्लिट पिनांचा डबाच गल्ल्याशेजारी ठेवला होता. आप्पा दिसले की तो आधी डबा वाजवून दाखवायचा.

पण हे सगळं करून आप्पा पाळण्यात बसत मात्र नाहीत. आम्ही पोरं बसायचो आणि ते खाली उभे राहून धुरा ऐकायचे. जत्रेत ते मानतात फक्त एका माणसाला, ब्रेकडान्स नावाच्या गरगरत्या पाळण्याच्या लिव्हरवरच्या पोराला. हे पोरगं यंत्राकडे बघतच नाही. त्याची नजर बसलेल्यांच्या तोंडांवर असते. कुणाचं तोंड पांढरं पडलं की वेग उतरतो, कॉलेजची टोळकी बसली की चढतो. “ह्येला म्हंत्यात ऑपरेटर,” आप्पा म्हणतात. “मीटर न्हाय, गेज न्हाय. माणसाचं तोंड बगून क्लच सोडतंय.”

अशा माणसाच्या आयुष्यात रोबोट आला तो नातवामुळे. नातू कराडला इंजिनिअरिंग करून चाकणला लागला. मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंगचे टाके घालणारे रोबोटचे हात चालवणं हे त्याचं काम. सुट्टीला आला की तो सांगायचा आणि आप्पा गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखे मांडी घालून ऐकायचे. रोबोटभोवती जाळीचं कुंपण असतं. त्याचं दार उघडलं की हात जागच्या जागी थांबतो. हाताला काम शिकवायचं तर हातात एक पाटीसारखं यंत्र धरायचं, त्याच्या मागे एक बटण असतं. ते बेताने दाबून धरलं तरच हात हलतो. सोडलं तर थांबतो, आणि फार जोरात आवळलं तरीही थांबतो.

“जोरात आवळल्यावर कशापायी?” आप्पांनी विचारलं.

“माणूस घाबरला की एकतर हातातलं टाकतो, नाहीतर गच्च धरतो. दोन्हीकडून थांबायला पाहिजे.”

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ज्येनं ह्ये बटण काढलं, त्यो जत्रंत लिव्हरवर बसलेला असणार.”

दुसऱ्या एका सुट्टीत नातवाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला: तसल्याच हाताच्या टोकाला दोन खुर्च्या, खुर्च्यांत दोन माणसं, आणि हात त्यांना हवेत उलटंपालटं करतोय. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कुका कंपनीचा, अर्धा टन उचलणारा कारखान्यातला हात. त्याला खुर्च्या लावायची कल्पना जिनो डी-गॉल या ब्रिटिश इंजिनिअरची. नाव रोबोकोस्टर. आप्पा उठून बसले. “ज्या हाताच्या वाऱ्याला हुबं राहायची बंदी, त्येच्याच मुठीत माणसं बसवली?” त्यांना हा प्रकार एकाच वेळी अधर्म आणि पराक्रम वाटला असावा. कुकाची माहिती काढून द्यायला त्यांनी नातवाला रात्री अकराला जागं केलं. १८९८ साली ती कंपनी अ‍ॅसिटिलीनचा गॅस करायला निघाली होती, दिव्यांसाठी. म्हणजे आप्पांच्या लहानपणी जत्रेतल्या रेवड्यांच्या दुकानांवर कार्बाइडचे जे उग्र वासाचे दिवे फुरफुरायचे, त्यांतला तोच गॅस. “बग,” आप्पा काकूंना म्हणाले, “त्ये बी जत्रंतनंच वर आलेत.” इतिहासाची ही मोडतोड मला मान्य नाही, पण कुणी तरी ऑग्सबर्गला कळवायला हरकत नसावी.

रोबोटच्या हाताचे सहा सांधे हे मग आप्पांच्या बोलण्यातलं पालुपद झालं. ताकारीच्या एका लग्नात पंगतीला शेजारच्या कुणीतरी सहज विचारलं, रोबोटचा हात म्हणजे नेमकं काय हो? आप्पा आमटीची भरलेली वाटी हातात घेऊन उभेच राहिले. “हितं कंबर वळती, एक.” आप्पा वळले. “खांदा, दोन. कोपर, तीन.” वाटी पुढे गेली, मागे आली, थेंब सांडला नाही. पंगत जेवायची थांबली. “आता मनगटाचे तीन ऱ्हायले. कोपराच्या फुडचा हात पिळायचा, चार. मनगट वाकवायचं, पाच. हितवर वाटी लेव्हलमध्ये हाय का न्हाय?” होती. खरोखर होती. “आन् शेवटाला नुसता पंजा फिरवायचा, सहा.”

सहाव्या सांध्याला वाटी व्याह्यांच्या धोतरावर रिकामी झाली. आप्पांनी रिकामी वाटी पंगतीला फिरवून दाखवली आणि खाली बसले. माफी वगैरे काही नाही. प्रात्यक्षिक यशस्वी झालं होतं.

खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झाल्यावर नातू त्यांना तिकडे घेऊन गेला. तिथे त्यांनी रोलरकोस्टरच्या खांबांखाली दिवस काढला, घरून नेलेली धपाटी खाल्ली आणि परत आले. तिकिटाचे पैसे अंगावर पडल्याचं नातू अजून बोलून दाखवतो. खरा योग पुढे आला. आप्पांची लेक-जावई फ्लोरिडात, आणि तिथल्या ऑरलँडो शहरात रोबोटचे हात माणसांना खेळवत होते. बाळंतपणासाठी निघालेल्या काकूंबरोबर आप्पाही निघाले. बाळंतपण हे त्यांच्या दृष्टीने दुय्यम निमित्त होतं, असं लेक सांगते. पुढचं सगळं मला तिच्याचकडून कळलं.

ऑरलँडोच्या युनिव्हर्सलच्या बागेत हॅरी पॉटरचा किल्ला आहे, आणि त्याच्या पोटात १८ जून २०१० ला सुरू झालेली ‘फॉरबिडन जर्नी’ नावाची राइड. चार माणसांचं बाकडं रोबोटच्या हाताला जोडलेलं, आणि तो हात स्वतः रुळावरून पुढे सरकत जातो. हातासमोर घुमटासारखे वाकवलेले पडदे त्याच्याच बरोबर फिरतात, त्यांवर चित्र चालू असतं. त्यामुळे बाकडं जरा कललं तरी आपण दरीत कोसळतोय असं वाटतं. बसायला गाडी थांबत नाही. जमीनच सरकत असते, तिच्यावर चालत चालत बाकड्यावर टेकायचं. चार फुटांहून बुटक्या पोरांना आत घेत नाहीत. हे ऐकून आप्पा खूश झाले. ब्रेकडान्सजवळ उंची मोजायची काठी धरून उभं राहणारा माणूस इथेही आहे म्हणायचा.

प्रवेशद्वारापाशी आपण सीटमध्ये मावतो की नाही हे बघायला एक नमुन्याचं बाकडं ठेवलेलं असतं. सामान्य माणूस तिथे अर्धा मिनिट बसतो. आप्पांनी वरून येणारा दांडा खाली ओढला, सोडला, पुन्हा ओढला, आणि खटके मोजू लागले. मागे रांग लागली. झगा घातलेली, किल्ल्यातली शिष्या झालेली एक मुलगी आली. आप्पांनी जावयाकरवी तिला विचारलं, वीज गेली तर ब्रेक लागतो का सुटतो? ती गोड हसली आणि म्हणाली, इथे सगळं जादूने चालतं.

“जादू म्हंजे मेंटेनन्स रातचा करत असत्याल,” आप्पांनी निष्कर्ष काढला.

ब्रेकचं उत्तर नातवाने फोनवर दिलं. रोबोटच्या सांध्यातला ब्रेक विजेने उघडतो, लागत नाही. वीज असेपर्यंत तो मोकळा. वीज गेली की स्प्रिंग त्याला आवळते आणि हात जिथे असेल तिथे थांबतो. हे ऐकताच आप्पांच्या चेहऱ्यावर आख्ख्या अमेरिकेत कधी न दिसलेला आनंद पसरला. आपल्या शॉपमधल्या क्रेनचा ब्रेक असाच होता! लोडशेडिंग झालं की ओतकाम हवेत लटकून राहायचं आणि फोरमन निवांत विडी ओढायचा. ज्या माणसाने आयुष्यात कधी साध्या आकाशपाळण्यात पाय ठेवला नाही, तो जावयाला म्हणाला, “काढ तिकीट.” तिकीट बागेच्या दारातच काढून झालं होतं, पण जावई मध्ये बोलला नाही.

आत गेल्यावर घोटाळा लक्षात आला. हात दिसतच नाही! करणाऱ्यांनी सगळं कौशल्य तो लपवण्यात खर्च केलेलं. अंधार, दोन्ही बाजूंना आडोसे, हात पाठीमागे, समोर फक्त पडदा. त्या पडद्यावर एक चष्मेवाला पोरगा झाडूवर बसून उडत होता म्हणे, एक ड्रॅगन अंगावर आला, कोळी आले. लेक किंचाळत होती, जावई किंचाळत होता. जावयाने मान ताणून आप्पांकडे बघितलं तर ते डोळे घट्ट मिटून बसलेले, ओठ पुटपुटतायत. त्याचं काळीज लटपटलं. सासऱ्याला इथे काही झालं तर काकूंना काय सांगायचं?

बाहेर पडल्यावर त्याने पाणी पुढे केलं. “आप्पा, बरं वाटतंय ना? भीती वाटली का?”

“गप रं. मोजत हुतो.”

“काय?”

“सांधे. डोळं उघडं ठेवलं की त्या चित्रात ध्यान जातंय. मिटलं की बरोबर कळतं, आता खांदा चाललाय, आता कोपर, आता नुसतं मनगट.” आणि मग जरा खट्टू होऊन, “एक बी सांधा आचका देत न्हाय. कुठं खडखड न्हाय, कुठं भद्द न्हाय. आता हितं माणसानं करायचं काय?”

आमच्या मते हे त्यांनी कुठल्याही यंत्राला दिलेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे, पण ते म्हणताना त्यांचा आवाज बेकार झालेल्या माणसाचा होता. त्या दिवशी ते पुन्हा दोनदा बसले. दोन्ही वेळा डोळे मिटून. हॅरी पॉटर हा कोण, त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना आजतागायत माहीत नाही आणि विचारायचीही त्यांना गरज वाटलेली नाही.

राइड चालू असताना आपोआप फोटो निघतो आणि बाहेर विकत मिळतो. लेकीने तो घेऊन मोठा करून पाठवला. तो आता पलूसच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. फोटोत लेक-जावयाची तोंडं सताड उघडी, आणि मध्ये आप्पा, डोळे मिटलेले, चेहरा शांत, दांड्यावरच्या हाताची चार बोटं उघडलेली, पाचवं उघडण्याच्या बेतात. नवा आलेला पाहुणा हमखास फसतो.

“आप्पा, रामरक्षा म्हणत होता काय हो?”

आप्पा खुर्चीतून उठतात, शर्टाची बाही कोपराच्या वर सारतात, आणि काकू पाहुण्यांपुढचे चहाचे कप गोळा करून आत नेतात.